लाल चिठ्ठी आणि लाकडाचा धूर

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या होम डेपो, लोव्ज अशा मोठ्या दुकानांत जागांची अदलाबदल सुरू होते. उन्हाळाभर दाराशी ऐटीत उभ्या असलेल्या ग्रिलच्या रांगा मागे सरकतात, त्यांच्या जागी हॅलोवीनचे सांगाडे आणि भोपळे येतात, आणि मागे गेलेल्या ग्रिलवर जुनी किंमत खोडलेली लाल चिठ्ठी लागते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, पहिली कपात होते. ऑक्टोबरमध्ये माल उरला असेल तर आणखी. नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेला शेवटची. या रांगेत हल्ली सर्वांच्या नजरा जातात त्या पेलेट ग्रिलकडे. बाजूला लाकडी कांड्यांची पेटी, पुढे तापमान दाखवणारा पडदा, आणि मांस तासन्‌तास धुरावर शिजवून देण्याचं आश्वासन.

हाच काळ तिकडच्या मराठी घरांतही गजबजलेला असतो. गणपती, नवरात्र, दिवाळी, अंगणातल्या पंगती. डॅलसपासून न्यू जर्सीपर्यंत, स्वतःचं अंगण झालेल्या कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत लाल चिठ्ठीचा फोटो फिरतो आणि त्याखाली प्रश्न येतो, "घेऊन टाकू का?"

बऱ्याचदा उत्तर 'हो' असंच आहे. पण त्या फोटोत दिसणारा आकडा, म्हणजे दोनशे किंवा तीनशे डॉलरांची बचत, हा निर्णयातला सर्वांत हलका भाग आहे. पेलेट ग्रिल ही कढईसारखी एकदा आणून टाकायची वस्तू नव्हे. त्याला खाणं लागतं, वीज लागते, साफसफाई लागते, आणि चार-पाच वर्षांत एखादा भाग बदलावा लागतो. तो भाग तेव्हा मिळेल का, हा प्रश्न चिठ्ठीवरच्या आकड्याच्या कितीतरी आधी विचारायला हवा.

या यंत्राचा जन्म स्वयंपाकघरात झालाच नाही. ऑरेगन राज्यात माउंट एंजल नावाचं जर्मन वळणाचं छोटं गाव आहे. तिथल्या ट्रेगर कुटुंबाचा घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांचा व्यवसाय होता. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत खनिज तेलाला पर्याय शोधले जात होते, आणि वायव्येकडच्या त्या जंगलपट्ट्यात लाकूड कापण्याच्या गिरण्यांच्या आवारात भुशाचे ढीग साचत होते. तो भुसा प्रचंड दाबाखाली छिद्रांतून ढकलला की लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन त्याला बांधून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही, आणि सुमारे सहा मिलिमीटर जाडीच्या कडक कांड्या बाहेर पडतात. हेच पेलेट. ते जाळणारी भट्टी ट्रेगर मंडळी बनवू लागली होती. जो ट्रेगर यांची गोष्ट अशी सांगतात की १९८५च्या आसपास ४ जुलैच्या मेजवानीत ते गॅसच्या ग्रिलवर कोंबडी भाजत होते, क्षणभर आत गेले आणि परत येईपर्यंत सगळं ज्वाळांत सापडलं होतं. मग भट्टीचं तंत्रच त्यांनी ग्रिलमध्ये बसवलं. १९८६ साली पेटंट मिळालं, आणि पुढची वीस वर्षं या क्षेत्रात त्यांना जवळजवळ कोणी स्पर्धक नव्हता.

२००६मध्ये पेटंटची मुदत संपली. त्याच सुमारास कुटुंबानं कंपनी विकली. पिट बॉस, ग्रीन माउंटन, कॅम्प शेफ, रेक टेक अशी नावं बाजारात आली, आणि हजार डॉलरांच्या घरातलं यंत्र चारशे-पाचशेतही दिसू लागलं. आज सवलतीची जी चढाओढ दिसते तिचं मूळ या एका तारखेत आहे.

आत काय घडतं ते नीट समजून घेतलं, तर चिठ्ठीकडे पाहण्याची नजरच बदलते. पेटीतल्या कांड्या एका फिरत्या पेचदार दांड्यावरून, म्हणजे ऑगरवरून, थोड्याथोड्या पुढे सरकतात आणि वाटीएवढ्या लोखंडी अग्निपात्रात पडतात. तिथे विजेवर लाल होणारी पेटवण्याची कांडी पहिली काही मिनिटं उष्णता देऊन जाळ धरवते. त्या वेळी दोनशे-तीनशे वॉट वीज लागते, नंतर पंखा आणि मोटर मिळून पन्नास वॉटच्या आसपास. पंखा जाळाला हवा देतो आणि धूर व उष्णता ग्रिलभर फिरवतो. जाळावर एक आडवा पत्रा असतो, त्यामुळे ज्योत अन्नापर्यंत पोचत नाही आणि ठिबकणारी चरबी आगीत न पडता बाहेरच्या डब्यात जाते. एक तापमापक आतली उष्णता मोजतो आणि नियंत्रक ठरवतो की पुढच्या मूठभर कांड्या कधी टाकायच्या. सगळा खेळ एवढाच.

या सहा-सात वस्तूंपैकी खरा फरक पडतो तो नियंत्रकानं. जुन्या यंत्रांवर 'मंद, मध्यम, प्रखर' असा तीन टप्प्यांचा खटका असे. तो ठरावीक सेकंद ऑगर फिरवी आणि ठरावीक सेकंद थांबवी. बाहेर वारा सुटला, पाऊस आला, ऊन चढलं, त्याला पत्ता नसे, म्हणून तापमान पंचवीस-तीस अंश इकडेतिकडे झुले. आजचे चांगले नियंत्रक चूक किती आहे, किती वेळ टिकली आहे आणि कोणत्या वेगानं बदलते आहे या तीन गोष्टी पाहून इंधन देतात. तंत्रज्ञ त्याला पीआयडी म्हणतात आणि दुकानदारही तोच शब्द वापरतात. सवलतीत यंत्र घेताना ही तीन अक्षरं विचारावीत. बाकी चकाकणारा पडदा, रंगीत दिवे, बाटली उघडायची पट्टी यांच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

इतक्या स्थिर तापमानाचं महत्त्व टेक्सासमध्ये सर्वांत चटकन कळतं. तिथल्या बार्बेक्यूचा मानबिंदू म्हणजे ब्रिस्केट, बैलाच्या छातीकडचा कठीण, चिवट भाग. पाच-सहा किलोंचा तो तुकडा २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १०७ ते १२१ सेल्सिअसवर, बारा-चौदा तास राहिला की त्यातल्या चिवट तंतूंचं जिलेटिन होतं आणि सुरी न लावता तो सुटतो. मध्येच एक विचित्र टप्पा येतो. आतलं तापमान १६० फॅरनहाइटच्या आसपास पोचलं की तासन्‌तास तिथेच अडतं. पृष्ठभागावरचा ओलावा उडतो आणि घामासारखा मांसाला थंड ठेवतो, म्हणून. अशा वेळी नवखा माणूस घाबरून आग वाढवतो आणि पदार्थ बिघडवतो. लाकडाच्या ओंडक्यांवर हे करणारा जाणकार रात्रभर दर पाऊण तासानं उठून जाळ सांभाळतो. पेलेट ग्रिल हीच राखण करतं. दिवसभर नोकरी, संध्याकाळी मुलांचा फुटबॉल आणि रविवारी पाहुणे असणाऱ्या कुटुंबासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि तिला कमी लेखणाऱ्यांशी वाद घालायला हवा.

कारण कमी लेखणारे पुष्कळ आहेत. "विजेवर चालतं ते कसलं बार्बेक्यू", हा आक्षेप टेक्सासमध्येही ऐकू येतो आणि कॅरोलिनातही. त्यामागे खरा अभिमान आहे आणि तो समजून घ्यायला हवा. टेक्सासमधल्या लॉकहार्टच्या क्रूझ मार्केटसारखी १९०० सालापासूनची दुकानं जर्मन आणि चेक खाटकांनी उभी केली. दक्षिणेतल्या खड्ड्यांवरच्या स्वयंपाकामागे पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय स्वयंपाक्यांचे कष्ट आहेत. कॅन्सस सिटीत हेन्री पेरी यांनी १९०८च्या सुमारास धुरावरचं मांस विकायला सुरुवात केली आणि त्या शहराची ओळखच घडवली. ऑस्टिनमध्ये ॲरन फ्रँकलिन यांनी २००९ साली एका ट्रेलरमधून सुरू केलेल्या दुकानापुढे लोक सकाळपासून रांग लावू लागले. ही सगळी मंडळी जळत्या ओंडक्यांवर काम करणारी. पण त्याच परंपरेची मोठी संस्था, १९८५मध्ये स्थापन झालेली कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी, आपल्या स्पर्धांत लाकूड आणि कोळशाबरोबर पेलेटलाही परवानगी देते. ऑगर आणि पंखा विजेवर चालला तरी चालतो. उष्णता लाकडाची हवी, एवढी अट. ही भूमिका शहाणपणाची आहे.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. पेलेटचा जाळ इतका स्वच्छ असतो की धूर कमी होतो. ओंडक्यावरच्या ब्रिस्केटची गडद, कडवट गोड चव यात तितकी येत नाही. महागड्या मॉडेलांवर 'जास्त धूर' असं बटण असतं आणि त्यासाठी किंमत चढते. त्याच कामासाठी छिद्रं पाडलेली स्टीलची एक नळी मिळते. तिच्यात मूठभर पेलेट भरून एक टोक पेटवायचं आणि ती जाळीवर ठेवायची. कित्येक तास ती धुमसत राहते. वीस डॉलरांच्या आसपासची ही नळी शंभर-दोनशे डॉलर जास्तीच्या बटणाला पुरून उरते, असं अनेक जाणकार सांगतात, आणि स्वस्त यंत्र घेणाऱ्यानं ती पहिल्याच दिवशी घ्यावी. दुसरी उणीव नावातच लपलेली आहे. मधल्या आडव्या पत्र्यामुळे आणि ५०० फॅरनहाइटच्या आसपासच्या कमाल तापमानामुळे बहुतेक मॉडेलांवर खरपूस भाजणं जमत नाही. स्टेकवर किंवा तंदुरी कोंबडीवर जाळाचे काळे डाग हवे असतील तर शेवटची दोन मिनिटं गॅस किंवा बिडाचा तवा लागतोच. गॅसचं ग्रिल विकून टाकून त्याच्या जागी हे आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये.

आता चिठ्ठीकडे वळू. खोडलेली किंमत ही अमेरिकन बाजारातली फार जुनी चीज आहे. तिथल्या संघीय व्यापार आयोगानं १९६४ सालीच फसव्या किमतींबद्दल मार्गदर्शक नियम काढले. खोडून दाखवलेली किंमत खरोखर काही काळ आकारलेली असली पाहिजे, असा त्यांचा आशय. तरीही हे प्रकार थांबले नाहीत, कारण ग्राहकाला खोडलेली किंमत आवडते. याचा सर्वांत महागडा पुरावा जे. सी. पेनी या कपड्यांच्या नि घरगुती वस्तूंच्या साखळी दुकानांनी दिला. ॲपलच्या दुकानांची घडी बसवणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख झाले आणि २०१२च्या फेब्रुवारीत त्यांनी कूपन, सेल, खोडलेल्या किमती सगळं बंद करून सरळ कमी किंमत लावली. वस्तू त्याच आणि ग्राहकाच्या खिशातून जाणारे पैसेही साधारण तेवढेच. त्या वर्षी विक्री सुमारे पंचवीस टक्क्यांनी कोसळली, तोटा ९८ कोटी डॉलरांपलीकडे गेला, आणि २०१३च्या एप्रिलमध्ये जॉन्सन यांना जावं लागलं. सवलतीचं आकर्षण माणसाच्या हिशेबावर कशी मात करतं, ते याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

ग्रिलच्या बाजारात हेच मेअखेरच्या मेमोरियल डेला, ४ जुलैला आणि लेबर डेला दिसतं. एकाच मॉडेलची 'मूळ' किंमत वर्षातून कितीतरी वेळा खोडली जाते. म्हणून हुशार ग्राहक किती टक्के सूट आहे हे पाहत बसत नाही. दोन-तीन महिने तो त्या मॉडेलच्या किमतीवर लक्ष ठेवतो आणि नेहमीचा भाव कोणता ते ओळखतो. ५९९चं यंत्र वर्षातले सहा महिने ४९९ला मिळत असेल, तर त्याची किंमत ४९९ आहे. ३९९ला मिळालं तर ती शंभराची सूट, दोनशेची नव्हे.

खरी सूट कुठे मिळते? जिथे कंपनीला माल हलवायचाच असतो तिथे. नवं मॉडेल आलं की जुनं स्वस्त होतं. ट्रेगरनं २०२२मध्ये टिंबरलाइन आणि २०२३मध्ये आयर्नवूड ही मॉडेलं नव्यानं आणली, टिंबरलाइनवर तर शेजारी इंडक्शन शेगडीही बसवली. २०२५च्या जानेवारीत वुडरिज ही मालिका आली. दरवेळी आधीच्या पिढीची यंत्रं गोदामांत उरतात. आणि अग्निपात्र, ऑगर, पंखा यांचं मूळ तत्त्व १९८६पासून फारसं हललेलं नाही, म्हणून मागच्या वर्षीचं यंत्र घेणं हा या बाजारातला सर्वांत समंजस व्यवहार आहे. नवेपणा मुख्यतः पडद्यात आणि फोनवरच्या ॲपमध्ये असतो, आणि तो सर्वांत आधी जुना होतो.

करोनाच्या काळात सगळे घरी बसले आणि ग्रिल धडाधड खपले. त्या लाटेवर ट्रेगर २०२१च्या जुलैमध्ये १८ डॉलर भावानं न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली, ग्रिल बनवणारी दुसरी मोठी कंपनी वेबर ऑगस्टमध्ये १४ डॉलरनं. दीड वर्षात ट्रेगरचा भाव तीन डॉलरांच्या आसपास घसरला होता, आणि २०२३मध्ये वेबर बाजारातून बाहेर पडून पुन्हा खासगी झाली. ज्याला घ्यायचं होतं त्याने घेतलं होतं, आणि ग्रिल दरवर्षी कोणी बदलत नाही. दुकानांत साठा तुंबला आणि सवलती वाढल्या. त्यानंतर २०२५च्या एप्रिलमध्ये चिनी मालावरचं आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत चढलं, मे महिन्यात ते ३० टक्क्यांवर आलं, आणि पोलादावरचं शुल्क जूनमध्ये दुप्पट होऊन ५० टक्के झालं. बहुतेक पेलेट ग्रिल चीन आणि व्हिएतनाममध्ये बनतात आणि त्यांचा देह पोलादाचाच असतो. त्यामुळे आज जी सवलत दिसते ती आधी वाढवलेल्या किमतीवरची आहे का, हे तपासणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

नवी कल्पना पहिल्याच वर्षी विकत घेणं किती जोखमीचं असतं, याचं उदाहरण वेबरनंच घालून दिलं. १९५२मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे अर्धगोल वापरून जी गोल शेगडी बनवली, तिच्यामुळे अमेरिकेचं अंगण बदललं, इतकी ही मातब्बर कंपनी. २०२०च्या सुरुवातीला तिनं स्मोकफायर हे पहिलं पेलेट ग्रिल आणलं. आडवा पत्रा काढून ज्योत थेट अन्नापर्यंत नेण्याची कल्पना धाडसी होती. पण पेटीत कांड्या अडकणं, चरबी आणि राख एकत्र साठून पेट घेणं अशा तक्रारी पहिल्या ग्राहकांकडून आल्या. कंपनीनं पेटीचा उतार सुधारण्यासाठी जोडभाग दिले, सॉफ्टवेअर बदललं, दुसरी आवृत्ती काढली. २०२४मध्ये त्याच्या जागी सीअरवुड हे नवं यंत्र आलं. इतका अनुभव असलेल्या घराण्यालाही चार वर्षं लागली. म्हणून दोन वर्षं बाजारात राहिलेलं, दुरुस्त्या होऊन स्थिरावलेलं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर ते घ्यावं, आणि पहिल्या वर्षीचं यंत्र पहिल्या हंगामात टाळावं.

चालू खर्चाचा हिशेब बहुतेक लोक करत नाहीत. वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोंची, पेलेटची पिशवी साधारण पंधरा ते वीस डॉलरांना मिळते. मंद आचेवर तासाला अर्धा किलोच्या आसपास कांड्या जातात, प्रखर आचेवर दीड किलोपर्यंत. समजा एखादं कुटुंब एप्रिल ते नोव्हेंबर महिन्यातून दोनदा ते पेटवतं आणि दरवेळी अर्धी पिशवी जाते. वर्षाला आठ पिशव्या, म्हणजे एकशे वीस ते एकशे साठ डॉलर. पाच वर्षांत सहाशे ते आठशे. त्यात पावसापासून झाकायचं कापड, चरबीच्या पत्र्यावरचे कागद, कधी नवी पेटवण्याची कांडी. शिकागो किंवा मिनेसोटाच्या थंडीत एकेरी पातळ पत्र्याचं यंत्र याहून पुष्कळ जास्त खातं. शंभर डॉलर वाचवून पातळ पत्रा घेतला तर ती बचत दोन-तीन हिवाळ्यांत धुराबरोबर जाते.

इंधनात काटकसर करायची एक वाट मात्र कोणीही धरू नये. घर गरम करण्याच्या भट्टीचे पेलेट स्वस्त असतात, दिसायला तेच असतात, आणि त्यांत चीड-देवदारसारखं राळयुक्त लाकूड असू शकतं. त्यावर अन्न शिजवायचं नाही. स्वयंपाकाच्या पेलेटमध्येही पिशवीवर 'हिकरी' लिहिलेलं असतं आणि आत बहुतांश ओक किंवा अल्डर असतो, चवीपुरतं तेल मिसळलेलं. पिशवी उलटून बारीक अक्षरं वाचली की कळतं. दुसरा शत्रू ओलावा. भिजलेली कांडी फुगून पुन्हा भुसा होते आणि ऑगरमध्ये सिमेंटसारखी बसते. ह्यूस्टनच्या दमट हवेत पिशवी गॅरेजमध्ये उघडी टाकली की दोन आठवड्यांत हा अनुभव येऊ शकतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा स्वस्तात मिळतो, तो यंत्राबरोबरच घ्यावा.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, पण गांभीर्यानं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या नोंदींत ग्रिलमुळे लागणाऱ्या आगी जुलैमध्ये सर्वाधिक असतात आणि त्यामागचं मोठं कारण न केलेली साफसफाई. पेलेट ग्रिलमध्ये राख अग्निपात्रात साचते, चरबी पत्र्यावर थिजते. तीन-चार वेळा वापरल्यावर दोन्ही काढावी लागतात. बंद करताना सरळ प्लग ओढायचा नाही. यंत्राचं बंद होण्याचं चक्र पूर्ण होऊ द्यायचं, म्हणजे उरलेल्या कांड्या जळून जातात आणि आग ऑगरमधून पेटीकडे उलट चढत नाही. अपार्टमेंटच्या लाकडी गच्चीत बहुतेक ठिकाणी याला परवानगीच नसते, आणि वसाहतींचे स्वतःचे नियम वेगळे. यंत्र घेण्याआधी भाडेकरार किंवा वसाहतीची नियमावली वाचावी. कोंबडीचं आतलं तापमान १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, झालं की नाही हे काटा टोचून पाहावं. धुरानं वरून रंग सुंदर येतो, पण रंगावरून शिजलं असं ठरवता येत नाही.

मराठी अंगणात हे यंत्र काय करेल, याचा विचार दुकानातल्या जाहिरातीत नसतो. बीफ किंवा डुक्कर न खाणाऱ्या घरांत ब्रिस्केटभोवतीची सगळी जाहिरातबाजी निरुपयोगी आहे. तिथे कोंबडीच्या तंगड्या, बकऱ्याचा खांदा, पनीर, मक्याची कणसं, टोमॅटो यांच्यासाठी यंत्र चालणार. त्यासाठी मोठं मॉडेल लागत नाही. लहान पेटीचं, कमी पेलेट खाणारं यंत्र पुरतं. वांग्याच्या भरताचं मात्र वेगळं गणित आहे. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तिथे ज्योत सालीला करपवते आणि तीच चव आत उतरते. पेलेट ग्रिलवर साल करपत नाही. वांग्याला टोचे मारून ते २२५ फॅरनहाइटवर तासभर धुरात ठेवावं आणि मग गॅसच्या ज्योतीवर साल काळी करावी. मग गर धुरकटही होतो आणि भाजलेलाही. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्यांचं चंपाषष्ठीचं भरीत नोव्हेंबर-डिसेंबरात येतं, म्हणजे ब्लॅक फ्रायडेला घेतलेल्या यंत्राचा पहिला पदार्थ तोच होऊ शकतो.

दुकानात प्रदर्शनासाठी जोडून ठेवलेलं यंत्र आणखी स्वस्त मिळतं, आणि तिथे मोह फार होतो. घ्यायला हरकत नाही, पण तिथेच प्लग लावून ते पेटवून दाखवायला सांगावं. पंखा फिरतो का, ऑगर कुरकुरतो का, पडद्यावरचं तापमान वर चढतं का, झाकण नीट बसतं का. पावती स्वतःच्या नावावर घ्यावी, कारण कित्येक कंपन्या हमी फक्त मूळ ग्राहकाला देतात. त्या यंत्राला हमी लागू आहे हे लिहून घ्यावं. कॉस्टकोसारख्या दुकानांचे परतीचे नियम उदार असतात, आणि तो उदारपणा पन्नास डॉलरच्या जास्तीच्या सवलतीपेक्षा मोलाचा आहे.

एका गोष्टीत मात्र ग्राहकाची हुशारी पुरत नाही, तिथे कायदा लागतो. पेटवण्याची कांडी, पंखा, मोटर हे भाग थोडक्या डॉलरांत मिळतात आणि पेचकस हातात धरता येणाऱ्या कोणालाही बदलता येतात. नियंत्रक मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि कंपनी बंद पडली किंवा तिनं मॉडेल सोडून दिलं की पोलादाचा सत्तर किलोंचा ठणठणीत देह एका छोट्या पाटीअभावी भंगारात जातो. कॅलिफोर्नियाचा दुरुस्ती-हक्काचा कायदा जुलै २०२४पासून लागू आहे. शंभर डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणांसाठी सुटे भाग, साधनं आणि माहितीपत्रकं सात वर्षं उपलब्ध ठेवणं त्यानं बंधनकारक केलं. ट्रेगरच्या माहेरी, ऑरेगनमध्येही २०२४ साली असा कायदा झाला. अंगणातल्या ग्रिललाही ही सात वर्षं निःसंदिग्ध शब्दांत, सर्व राज्यांत लागू व्हायला हवीत, आणि सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील हे खोडलेल्या किमतीशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला हवं. तोवर ग्राहकानं पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करावा, मॉडेलचा क्रमांक सांगावा आणि त्याचा नियंत्रक आज सुटा विकत मिळतो का, केवढ्याला आणि किती दिवसांत, एवढं विचारावं.